ग्लास नको, हात बदलवा

आपा, तुमच्या जियारतीच्या, म्हणजे तिसऱ्याच्या दिवशी तुमच्याच घरी माह्यासाठी दुकानातून पाण्याची बाटली आणली लोकाईनं. सीलबंद. तुमी असत्या तं कपाळाले हात लावून हसल्या असत्या. मले हसू आलं नाही. तुमाले मातीत ठेवून आलो तवा डोळ्यातून टिपूस निघालं नव्हतं, आन् त्या बाटलीकडे पाहून ढसाढसा रडलो. "आपाले लय मानत होता," असं मागून कोणीतरी म्हटलं. मानत होतो, खरं आहे. पण भांडतही तेवढंच होतो, हे त्याईले काय माहीत.

आज हाराफुलाचं दुकान बंद ठेवून लिहाले बसलो. तुमाले सगळं माहीत आहे, तरी पहिल्यापासून सांगतो. मी बोलून राहिलो आन् तुमी मधात तोंड घातलं नाही, हे पहिल्यांदाच होऊन राहिलं.

माही पोरगी शीतल तवा सहा-सात वर्षांची असन. तिचे हातपाय जन्मापासून कडक, मान डुले, लाळ गळे, बोललेलं घरच्याशिवाय कोणाले समजे नाही. घरी कोणी आलं का तिले मधल्या खोलीत नेऊन बसवाचं आन् दार ओढून घ्याचं, असं आमच्या घरी चालत होतं. कोणी ठरवलं नव्हतं. आलेल्या माणसानं हळहळ कराची, मंग कोणाची नजर लागली, कोणाचं पाप आडवं आलं ते काढाचं, आन् तिनं ते सगळं ऐकाचं. त्यापरीस दार लावलेलं बरं, असं वाटे. पोरीवर आमचा जीव होता, आपा. जीव होता म्हणूनच दार लावत होतो.

मूर्तिजापूरच्या स्टँडपाशी माह्यं फुलाचं दुकान, आन् गल्लीच्या तोंडाशी तुमचं गाद्या भराचं. नुसती तोंडओळख होती. तुमाले कोणी सांगतलं, देव जाणे, पण भर उन्हाळ्याच्या दुपारी तुमी आमच्या गावात एसटीतून उतरल्या आन् घर इचारत इचारत दारात येऊन उभ्या राह्यल्या. डोक्यावर पदर, केसात कापसाचं तूस तसंच. घामानं निथळत होत्या. बायकोनं पाणी आणलं. तुमी ग्लासकडे पाह्यलं आन् हात लावला नाही.

आता तुमाले तवाही माहीत होतं का नाही, कोण जाणे, पण आमच्या घरात एक ग्लास वेगळा होता. माह्या मायनं फळीच्या टोकाले पालथा घालून ठेवलेला. जातीबाहेरचं, धर्माबाहेरचं कोणी आलं का तो निघे. त्या दिवशीही तोच निघाला होता. तुमी तो घेतला नाही आन् आमची तिघाईची तोंडं उतरली. मायले वाटलं, ओळखलं हिनं. बायको लाजेनं आत पळाली आन् माह्या जेवणातला पितळी पेला घासूनपुसून भरून घेऊन आली. तुमी त्यालेही हात लावला नाही. मंग माह्यं डोकं फिरलं. म्या म्हटलं, "काहून वं बाई, आमच्या घरचं पाणी चालत नाही काय तुमाले?"

तुमी हसल्या. ते तुमचं खोकत खोकत हसणं. म्हणाल्या, "ग्लास नको बदलवू रे भाऊ, हात बदलव. या घरात आखीन एक जन आहे ना? तिच्या हातचं पिईन."

मधल्या खोलीत शीतल काहीतरी ओरडली. तिनं ऐकलं होतं.

त्या दिवशी तुमी तहानेल्याच गेल्या. शीतलले बाहेर आणलं, तुमी तिच्यासमोर जमिनीवर मांडी घातली, तिच्या दोन्ही हातात ग्लास दिला आन् सगळं पाणी तिच्या फ्राकवर सांडलं. बायको पुसाले धावली तं तुमी म्हटलं, "राहू दे, उन्हाळाच आहे." आन् निघून गेल्या. माय म्हणे, बाई भ्रमिष्ट आहे. मलेही तसंच वाटलं. पण पुढच्या आठवड्यात पुन्हा हजर. त्याच्या पुढच्याही. दर खेपी तोच तमाशा, आन् दर खेपी कोरड्या घशानं परत. मंग मंग आमालेच कसनुसं व्हाले लागलं. उन्हातानात आलेलं माणूस आपल्या दारातून तहानेलं जाते म्हणजे काय? वऱ्हाडातल्या कोणत्याही घराले हे सोसणार नाही, आन् तुमी नेमकं तिथंच बोट ठेवलं होतं. बायको दिवसभर शीतलले घेऊन बसे. ग्लास तिले धरता ये नाही. मंग बायकोनंच अक्कल काढली, ग्लास सोडला आन् रुंद बुडाचा गडवा दिला. शीतल ढुंगणावर सरकत सरकत, तो गडवा जमिनीवरून पुढं लोटत लोटत मधल्या खोलीतून तुमच्यापर्यंत आली. अर्धा सांडला, अर्धा आला. तुमी वाकून उचलला, डोळे मिटून पेल्या, आन् तोंड पुसून तिले म्हणाल्या, "आखीन आण."

मोठमोठ्यानं रडली होती माही माय त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी तो फळीवरचा ग्लास कुठी गेला, ते म्या कधी इचारलं नाही.

तुमची ही रीतच होती, ते मागून कळलं. ज्या घरी असं लेकरू, त्या घरी त्याच्याच हातचं पाणी. न दिसणाऱ्या पोराच्या, न ऐकणाऱ्या पोरीच्या. नाही तं तहानेलं बसाचं. कितीक घरच्याईनं तुमाले गर्विष्ठ म्हटलं असन. मी जवा पहिल्यांदा तुमच्या दुकानात आलो, तवा मले जमीलनं पाणी दिलं. तुमचा एकुलता एक. पंधरा-सोळाचा गडी, अंगानं दांडगा आन् समज लहान लेकराएवढी. कापसातून सरकी आन् कचरा येचून काढाचा, हे त्याचं काम. हातातलं काम सोडून तो उठला, माठातून ग्लास भरला, खाली दुसरा हात धरून मले दिला, आन् मी पिऊन होईलोक समोरून हलला नाही. मंग रिकामा ग्लास घेतला आन् इचारलं, "और देऊं क्या?" तुमी पिंजता पिंजता चोरून माह्या तोंडाकडे पाहत होत्या. केवढा रुबाब होता तुमच्या तोंडावर, आपा.

ते दिवस वाईट होते, गावोगाव कास्तकार जीव देत होते. गावात जीप आली का बाया पदर तोंडाले लावत. कोणाच्या घरचं काय झालं असन, हेच मनात ये. साहेब लोक याचे, माहिती लिहून न्याचे, पेपरवाले अंगणात फोटो काढाचे. तुमचा धंदाही बसलेला. लग्नं पुढं ढकलल्या जात होती, मंग गाद्या कोण भरते? कापूस धुनकाचं तुमचं पिंजण भिंतीले टेकून राहे. तुमी म्हणत, "बरं झालं, फिराले सवड झाली," आन् गावोगाव फिरत राहत.

अशीच एक जीप आमच्या गावात आल्ती आन् तुमीही गावात होत्या. तुमी रस्त्याच्या मधात जाऊन उभ्या राह्यल्या. आतल्या साहेबाले म्हणाल्या, "साहेब, इकडंही एक घर आहे. इथी कोणी मेलं नाही म्हणून कोणी येत नाही." साहेब भला माणूस होता, गडबडला. म्हणे, "बाई, अपंगाचं आमच्या खात्यात येत नाही." तुमी म्हणाल्या, "खातं राहू द्या. जीप तं येते ना तुमच्या खात्यात? अकोल्यालेच चालल्या ना? मंग या पोरीले घेऊन चाला, आज दवाखान्यात सर्टिफिकेटचा दिवस आहे." साहेब हसला आन् दार उघडलं. माही माय समोरच्या सीटवर बसून अकोल्याले गेली. मरेलोक सांगत होती लोकाईले, मी सरकारी जीपमंधी बसली होती म्हणून.

अकोल्याच्या त्या दवाखान्यात डॉक्टरनं कागदातून मान वर न करता इचारलं, "नाव काय?" म्या म्हटलं, "शीतल." आन् तुमी मले असं कोपर हाणलं का बरगडीत कळ गेली. "डॉक्टरनं तुह्यं नाव इचारलं काय?" मंग डॉक्टरले म्हणाल्या, "साहेब, पोरीले इचारा. आन् थोडं थांबा. ती सांगते, पण वेळ लागते."

"बाहेर लाइन आहे बाई."

"मले दिसते लाइन. मी तिच्यातूनच आली."

थांबलो आमी. डॉक्टर थांबला, नर्स थांबली, मागचा माणूस कुरकुर करता करता चूप झाला. शीतलचं तोंड वाकडं होये, मान मागं जाये, शब्द काही निघे नाही.  कितीदा वाटलं, सांगून टाकावं आन् मोकळं व्हावं. तुमी माह्या मनगटाले धरून ठेवलं होतं. मंग आला तिचा आवाज. ओढत ओढत, तुटत तुटत, पण तिचंच नाव. डॉक्टरनं पहिल्यांदा तिच्याकडे पाह्यलं आन् म्हटलं, "हात दाखव बरं, शीतल." तोलोक सगळे डॉक्टर तिच्याबद्दल माह्याशी बोलत होते. तिच्याशी कोणीच बोललं नव्हतं.

परत येताना एसटीत तुमी म्हणाल्या, "ज्याले इचारलं त्यानंच सांगावं, भाऊ. आपून फक्त थांबाचं." मले ते सोपं वाटलं. आपा, याच्याएवढं कठीण काम म्या आजपर्यंत केलं नाही.

मंग आपली भांडणं सुरू झाली. अमरावतीले अशा लेकराईची मुक्कामी शाळा होती. राहणं, जेवणं, हातापायाचा व्यायाम, सगळं तिथंच. म्या ठरवून टाकलं होतं. तुमाले सांगाले आलो तं तुमचा पहिला प्रश्न, "तिले इचारलं काय?" म्या म्हटलं, "एवढ्याशा पोट्टीले काय इचाराचं?" तुमी भडकल्या. "काही लेकराईले तिथंच पाठवा लागते, मीच पाठवते. पण तुह्या गावातली शाळा काय पाण्यात बुडाली? सुटीत येईन तवा तुह्याच घरात पाव्हणी होईन ती." मी म्हणे, हेडमास्तर पायऱ्याचं कारण सांगते, पोरगी पडली तं जबाबदारी कोणाची म्हणते. तुमी माह्या घरी आल्या, इकडंतिकडं पाह्यलं आन् मधल्या खोलीच्या दाराले हात लावला. "हे दार आता कायले पाह्यजे तुले?" बिजागऱ्या काढून ते दार शाळेच्या पायऱ्याईवर आडवं टाकलं आपून. त्याच्यावरून शीतलची, सर्टिफिकेटवर भेटलेली चाकाची खुर्ची वर गेली. पहिल्या दिवशी हेडमास्तरनं स्वतः मागून हात लावला, हे तुमी पुढं प्रत्येक शाळेत जाऊन सांगत राह्यल्या.

ते भांडण तुमी जिंकल्या. पण दुसरं भांडण राहून गेलं.

शीतल शिकली, मोठी झाली, दुकानात बसाले लागली. हार गुंफणं तिच्या हाताले जमत नाही, पण गिऱ्हाइकाशी भाव करणं तिच्याकडून शिकावं. लोक थांबतात तिचं बोलणं होईलोक. तरी माह्या जीवाले एकच घोर. मी आन् तिची माय गेल्यावर काय? तुमच्या दुकानात बसून किती वेळा इचारलं असन म्या. दर वेळी तुमी म्हणत, "आजचं पाय." एक दिवस माह्या तोंडून निघून गेलं, "जमीलचं काय ठरवलं तुमी? तुमच्या मागं कोण आहे त्याले?"

तुमचं पिंजण थांबलं. कापूस हवेत उडत होता, तो हळूहळू खाली बसला. जमील सरकी येचत होता.  त्यानंतर पूर्ण पावसाळा तुमी आमच्या घरी आल्या नाही. दसऱ्याले आल्या, सोनं दिलं, शीतलच्या हातचं पाणी पेल्या, जसं काही झालंच नाही. पण उत्तर दिलं नाही.

मी आजही म्हणतो आपा, माह्यं इचारणं चुकलं नव्हतं. तुमचं न सांगणं चुकलं. साऱ्या तालुक्यातल्या लेकराईची तजवीज लावत फिरल्या, आन् घरचं लेकरू तसंच ठेवून गेल्या. शेवटी अकोल्याच्या दवाखान्यात तुमच्या तोंडावर मास्क होता. साऱ्या जन्माचा कापूस छातीत बसला, असं डॉक्टर म्हणे. जमील पलंगाच्या पायथ्याशी बसून चादरीचे धागे काढत होता. तुमी त्याच्याकडे पाह्यलं, मंग माह्याकडे पाह्यलं. मी थांबलो. तुमीच शिकवलेलं थांबलो. तुमी डोळे मिटून घेतले.

राग आहे माह्या मनात. खोटं कायले बोलू?

तं जियारतीचा दिवस. शीतलले ऑटोत घालून घेऊन आलो. तुमच्या बैठकीत माणसं भरलेली. अकोल्याहून तुमचे भाऊ रफीकभाई आलेले. तुमच्या भाच्यानं पाणी आणलं. म्या इचारलं, "जमील कुठी आहे?" रफीकभाईनं आतल्या खोलीकडं पाह्यलं. दाराले बाहेरून कडी होती. म्हणे, "आनेवाले हर आदमी को पूछता, अम्मी किधर है. लोगों को देखा नहीं जाता." आतून जमीलचा आवाज येत होता, दारावर हळूहळू थापा पडत होत्या.

तुमच्या घरात दाराले कडी, आपा. तुमच्या घरात.

म्या ग्लासाले हात लावला नाही. म्हटलं, "मी जमीलच्या हातचं पिईन." कोणाले काही समजलं नाही. माणसं एकमेकाच्या तोंडाकडे पाहाले लागली. माळ्याचा, हिंदू माणूस, आपल्या घरचं पाणी घेत नसन, असं वाटलं असन त्याईले. एक जन चुपचाप उठला, चपला घालून बाहेर गेला आन् बाटली घेऊन आला. काही वाईट मनानं नाही. पाव्हणा तहानेला जाऊ नये म्हणून. माह्या बायकोनं पितळी पेला आणला होता ना, तसंच. तुमी एवढी वर्षं फिरल्या आन् आपून सगळे तिथंच उभे आहो, असं वाटलं मले, आन् तवा रडू फुटलं. कसाबसा बोललो, "बाटली नको. ग्लासही नका बदलवू. हात बदलवा."

रफीकभाई जवळ येऊन बसले. मनानं चांगला माणूस आहे, डोळे सुजलेले होते त्याईचे. म्हणे, अकोल्याले माह्या घरी नेतो, पण दुसऱ्या माळ्यावरच्या दोन खोल्या आहेत, घरात पोरी आहेत. नाही तं अमरावतीले कोणती संस्था असन तं पाहू. मी म्हटलं, "मी नेतो त्याले माह्या घरी." ते म्हणे, असं कसं, लोक काय म्हणतीन. आमी दोघं असे हमरीतुमरीवर आलो, आन् जमील दारापलीकडं. तेवढ्यात शीतल बोलाले लागली. तिचं तोंड वाकडं झालं, मान मागं गेली. जे तुमाले ओळखत होते ते सारे चूप झाले, आन् त्याईले पाहून बाकीचेही. थांबली ती पूर्ण बैठक.

"जमीलभाईले... इचारलं... काय?"

रफीकभाईनं उठून कडी काढली. जमील बाहेर आला. आता त्याच्याही दाढीत पांढरे केस दिसतात. रफीकभाई त्याच्यासमोर उकिडवे बसले आन् इचारलं, "जमील, किधर रहता बेटा? मेरे साथ चलता अकोला?" जमीलनं लय वेळ घेतला. 

"नहीं. इधरीच."

"क्यूं बेटा?"

"गादी आधी है."

खरंच होती, आपा. दुकानात अर्धी भरलेली गादी तशीच पडून आहे, मी येताना पाह्यली. रफीकभाईनं डोळे पुसले. म्हणाले, चाळिसावा होईलोक मी इथीच राहतो त्याच्यासंगं, मंग पाहू. शीतल म्हणते, उद्यापासून ती तुमच्या दुकानासमोर फुलाचा पाट मांडणार, जमीलभाईच्या नजरेसमोर. मी "नाही" म्हणाले तोंड उघडलं होतं. मिटलं. पण याले मी उत्तर म्हणत नाही. चाळिसाव्यानंतर काय, त्याच्यानंतर काय, हे मी इचारत राहणार. तुमच्यासंगं माह्यं भांडण संपलं नाही.

मंग जमीलले मी दिसलो. पाव्हणा दिसला. तो माठापाशी गेला, ग्लास भरला, खाली दुसरा हात धरून मले आणून दिला. एक थेंब सांडला नाही. मी पेलो. तो समोरून हलला नाही. रिकामा ग्लास घेऊन तो पुन्हा माठाकडं गेला, पुन्हा भरला, शीतलले पाजला. तिसऱ्यांदा भरला. भरलेला ग्लास हातात घेऊन तो खोलीच्या मधात उभा राह्यला आन् सगळ्याईकडं पाहत इचारलं, "अम्मी को भी देऊं क्या?"

रफीकभाईनं माह्याकडे पाह्यलं. पाणी तुमाले पाह्यजे का, हे तं तुमीच सांगाचं होतं. ज्याले इचारलं त्यानंच सांगावं, आपून फक्त थांबाचं. जमील ग्लास धरून उभा होता, आन् आमी सारे थांबलो होतो, आपा.